एका दाखल्यावर दोघी

मुलुंड,
२० मे १९८४

ताई,

पाया पडते. आधी बातमी सांगते, मग बाकीचं, नाहीतर तू नेहमीसारखी शेवटच्या ओळी आधी वाचशील.

आमच्या इस्पितळातून नर्सेस पळतायत. दोन वर्षांत अकरा जणी गेल्या, कोण कुवेतला, कोण मस्कतला. ट्रस्टी घाबरलेत. नवे प्रशासक आलेत, उपासनी साहेब. त्यांनी काल आम्हा जुन्या सिस्टर लोकांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला. खुर्चीवर बसवून, हो! आणि सांगितलं, जिने इथे पंचवीस वर्षं काढली तिच्या मुलीला, मुलगी नसेल तर सख्ख्या बहिणीच्या मुलीला, आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये एक जागा राखून ठेवणार. देणगी नाही, वशिला नाही, राहणं-जेवण फुकट, आणि शिकून झालं की इथेच नोकरी. पंचवीस वर्षांच्या आम्ही दोघीच उरलोय. दुसऱ्या अन्नम्मा सिस्टर, त्यांना ना मुलगी ना बहीण. म्हणजे जागा आपल्या अनुपमाची. ताई, अनुपमाची गं!

मला रात्रभर झोप नाही. सत्तावन्न साली नर्सिंगच्या ट्रेनिंगचा कॉल तुला आला होता. सातवीची फायनल परीक्षा तू पास झालीस, अर्ज तू केलास, आणि कॉल आला तोवर बाबांनी तुझं लग्न ठरवून टाकलेलं. "आलेला कॉल फुकट कशाला घालवा" म्हणून तुझा शाळेचा दाखला माझ्या हातात देऊन मला मुंबईच्या बोटीत बसवलं. पंधरा वर्षांची होते मी, पाचवी नापास. तुझं नाव घेतलं आणि तुझं वयही, तीन वर्षांनी मोठी झाले एका दिवसात. इथे सगळ्यांना मी सिस्टर वनमाला. भागीरथी म्हणून हाक मारणारी तू एकटी उरलीस.

तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस. पण मला ठाऊक आहे, नर्स तूच व्हायची होतीस. आता तुझी पोर होईल. कुवेतला जायचं माझंही सत्त्याहत्तर साली ठरलं होतं ना, तेव्हा मॅट्रन म्हणाल्या, "वनमाला, तू गेलीस तर लहान मुलांचा वॉर्ड बंद करावा लागेल," आणि मी राहिले. लोक हसले मला. बघ, राहिले त्याचं चीज झालं.

फॉर्म आला की पाठवते. अनुपमाला सांग, केसांच्या दोन वेण्या घालायची सवय कर.

तुझी
भागी


कोंडवाडी, ता. कणकवली
१ जून १९८४

भागी गो,

तुझं पत्र पोस्टमनने पाणंदीतच दिलं आणि मी तिथेच उभी राहून वाचलं. लाकडाची मोळी डोक्यावर तशीच. पोस्टमन म्हणाला, "काय वनमालाबाय, कोण गेला काय?" मी म्हटलं, कोण जाऊक नाय, माझा चेडू चल्लाहा मुंबईक!

अनुपमाला सांगितलं तर आधी तिने विश्वासच ठेवला नाही. मग मागच्या पडवीत जाऊन रडली. का रडतेस म्हटलं तर म्हणते, "आई, मी काजूच्या कारखान्यात नाव घालून आले होते." मला पत्ताच नाही! तिचे बाबा गेल्यापासून ही पोर माझ्या पाठीमागे असे उद्योग करते. आता ते नाव काढून आली. काल गोठ्यातल्या पाडसाच्या पायाला तिने फडकं बांधलं, इतकं झकास की पाडसाला चालताच येईना.

तू सत्तावन्न सालचं काय काढून बसलीस? मी कधी बोलले नाही कारण बोलण्यासारखं नव्हतंच काही. खोटं कशाला बोलू, पहिली दोन-तीन वर्षं तुझं पत्र आलं की मी चुलीपुढे वाचायची, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तर धुरावर घालता येई. मग पोर झाली, बालवाडी मिळाली, विसरले. एकतीस पोरं आहेत माझ्याकडे. मी पण बाईच आहे, सरकारी बाई.

एक सांगते, रागावू नकोस. मोठ्या लोकांनी खुर्चीवर बसवून चहा दिला की मला भीती वाटते. बाबांना खोताने एकदाच खुर्ची दिली होती, त्या दिवशी आपली खालची शेती गेली. पण तुझी माणसं तू जाणतेस. तू पंचवीस वर्षं काढलीस तिथे, मी काय बोलणार.

तुझी
ताई


मुलुंड,
१८ जून १९८४

ताई,

अनुपमा पास झाल्याचं कळलं. बारावी! आपल्या घराण्यात पहिली. वॉर्डात पेढे वाटले.

फॉर्म सोबत पाठवत नाहीये. का ते सांगते. फॉर्मच्या मागे लिहिलंय, सख्खी बहीण असल्याच्या पुराव्यासाठी दोघी बहिणींचे शाळेचे दाखले जोडावेत. कोणी शेजारणीची पोर भाची म्हणून घुसवू नये म्हणून ही अट. वाजवी आहे, मी साहेबांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

पण ताई, आपल्याकडे दाखला एकच आहे.

माझ्या फायलीत वनमाला लवू घाडी, सातवी पास. तू तुझा लावलास तर पुन्हा वनमाला लवू घाडी, तीच शाळा, तीच जन्मतारीख. आंधळ्या कारकुनालाही दिसेल. आणि दिसलं की पहिला प्रश्न, मग ही सिस्टर कोण? माझं ट्रेनिंग, माझं रजिस्ट्रेशन, सगळं तुझ्या दाखल्यावर. तू तरी काय करणार, बालवाडीसाठी तूही त्याच दाखल्याची दुसरी प्रत काढून दिलीस. तुझा होता, तू दिलास, बरोबरच केलंस. एका दाखल्यावर दोघी जेवतोय आपण इतकी वर्षं, आणि मला मेलीला हे आज फॉर्म वाचताना सुचलं. वीस मेला नाचत होते मी! दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

पंधरा जुलैपर्यंत मुदत आहे. तू काही करू नकोस, कोणाला विचारू नकोस. मी काहीतरी मार्ग काढते.

भागी


कोंडवाडी,
२६ जून १९८४

भागी गो,

रडान काय व्हता? मार्ग मी काढला.

कणकवलीला शिवदास वकिलाकडे गेले. नाव-गाव न सांगता, "एका बाईची गोष्ट" म्हणून विचारलं. तो हसला, म्हणाला, बसा वनमालाबाई. काय करणार, वकील आहे तो. म्हणाला, दोघींपैकी एकीनेच वनमाला राहायचं. आपल्या शाळेत तुझा दाखला आहेच की, भागीरथी लवू घाडी, पाचवी नापास. तो मी काढते, आणि कोर्टात शपथेवर, स्टॅम्पपेपरवर लिहून देते की भागीरथी ती मीच, लग्नानंतर सासरी वनमाला नाव ठेवलं. सासरी नाव बदलतंच बाईचं, कोणाला शंका यायची नाही. मग तू मोठी, मी धाकटी. आयुष्यभर तुझ्यावर डाफरले, आता तू डाफर.

एकच आहे, पाचवी नापास बाईला बालवाडी ठेवता येत नाही. वकील म्हणाला, आधी तिथून राजीनामा द्या, नाहीतर उद्या तोच कागद तुमच्यावर उलटेल. तर देते. पोरं काय, दुसऱ्या बाईकडेही "चिऊ काऊ" म्हणतीलच. एक धाकटा आहे, लवू, बाबांच्याच नावाचा, तो माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाही. खाईल, भूक लागली की खाईल.

तू होय म्हण.

ताई


मुलुंड,
३ जुलै १९८४

ताई,

नाही, नाही, नाही. हे पत्र मिळताच थांब. काही सही करू नकोस.

एकदा तुझा कॉल घेतला, तुझं नाव घेतलं. आता तुझी बालवाडी पण घेऊ? आणि कोर्टासमोर खोटी शपथ तू घ्यायची, ती पण माझ्यासाठी? माझ्यात थोडी तरी लाज शिल्लक आहे.

मी ठरवलंय. सोमवारी, नऊ तारखेला, उपासनी साहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगणार. पंधरा वर्षांची पोर होते, बापाने बोटीत बसवलं, माझा काय गुन्हा? पंचवीस वर्षांत माझ्या हातून एक चुकीचं इंजेक्शन गेलेलं नाही. ट्रस्टींच्या नातवाला डिप्थेरिया झाला तेव्हा तीन दिवस मी घरी गेले नव्हते. ही माणसं विसरणारी नाहीत, ताई. खोतासारखी नाहीत ती. साहेब परवाच जिन्यात भेटले तर म्हणाले, "सिस्टर, तुमच्यासारख्या चार असत्या तर मला झोप लागली असती."

तू फक्त गप्प बस.

भागी


कोंडवाडी,
५ जुलै १९८४

भागी,

झालं. कळवायला उशीर नको म्हणून दोनच ओळी लिहिते.

तुझ्या होकाराची वाट बघितली. नदीला पाणी आहे, पोस्टमन चार दिवस इकडे फिरकलेला नाही. मुदत जवळ आली म्हणून काल नदी कशीबशी ओलांडून कणकवलीला जाऊन सही केली. फॉर्म वकिलाने तुमच्या ऑफिसला पत्र टाकून आधीच मागवला होता. दाखला, स्टॅम्पपेपर, अनुपमाची मार्कशीट, सगळं रजिस्टर पोस्टाने थेट ऑफिसच्या पत्त्यावर गेलं. बालवाडीची किल्ली सरपंचाकडे दिली.

आता तू वनमाला, मी भागी. बरा दिसता ना?

अनुपमाने दोन वेण्या घातल्यात.

ताई


मुलुंड,
१३ जुलै १९८४

ताई,

तुझं पाच तारखेचं पत्र मला अकराला, बुधवारी मिळालं. तोवर मी सोमवारी जाऊन आले होते.

सगळं सांगते. सोमवारी साहेबांनी ऐकून घेतलं. मी बोटीपासून सगळं सांगितलं, रडले पण. त्यांनी स्वतः ग्लास भरून पाणी दिलं. म्हणाले, "जुनी गोष्ट आहे. मी बघतो काय करता येईल ते. भाचीची काळजी करू नका." मी खाली वॉर्डात आले तर पाय जमिनीवर नव्हते. वाटलं, सत्तावीस वर्षांचं ओझं उतरलं. पोरांना त्या दिवशी औषधं देताना गाणी म्हटली मी.

बुधवारी तुझं पाकीट त्यांच्या टेबलावर पोचलं.

गुरुवारी बोलावलं. खुर्ची दिली नाही. टेबलावर दोन कागद. सोमवारी मी सांगितलेलं त्यांनी टाईप करून ठेवलेलं, "मी भागीरथी." शेजारी तुझा स्टॅम्पपेपर, "मी भागीरथी." म्हणाले, "बाई, दोघींपैकी खरं कोण बोलतंय?" सिस्टर म्हणाले नाहीत, बाई म्हणाले. मी म्हटलं, मी खरं बोलतेय, ती माझ्यासाठी खोटं बोलली. हे बोलले तेव्हा जीभ झडली असती तर बरं. म्हणाले, "तुमचं नुसतं तोंडी असतं तर मी डोळे मिटले असते. आता कोर्टाचा शिक्का आला. दोघी बहिणींनी ठरवून केलंय असं कोणीही म्हणेल."

अनुपमाची जागा गेली. तिला काय सांगायचं ते तूच सांग, माझ्याने लिहवत नाही.

पोलिसात देणार नाहीत. मला कामावरूनही काढलेलं नाही, त्याच वॉर्डात आहे, तेव्हा माझा घोर करू नकोस.

तुझा दोष नाही. तुला गप्प बस म्हणाले ते पत्र नदीच्या अलीकडे अडकलं. मी तारच करायला हवी होती. मला वाटलं, पत्रात नीट समजावता येईल.

भागी


कोंडवाडी,
२८ जुलै १९८४

भागी गो,

पंधरा दिवस हातात पेन धरवलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तू मनाई केलेलं पत्र सोळा तारखेला आलं, भिजून लगदा झालेलं. एवढंच वाचता आलं, "लाज शिल्लक आहे."

बालवाडी परत मागायला गेले होते. सरपंचाच्या सुनेला दिली. सरपंच म्हणाला, "तुम्हीच तर लिहून दिलंत पाचवी नापास म्हणून." स्टॅम्पपेपरची गोष्ट कणकवलीहून फुटून गावभर झालीय. पाणवठ्यावर बायका विचारतात, वनमाला म्हणू की भागीरथी? हसून विचारतात.

अनुपमा काजूच्या कारखान्यात जाते. बोटं काळी झालीत, चीक लागतो. वेण्या सोडून टाकल्या.

पण तुझी नोकरी राहिली हे देवाचे उपकार. निदान एक तरी सिस्टर राहिली घरात. मी म्हणत होते खोतासारखे लोक, ते माझं चुकलं. खोताने ठेवलं नसतं. गणपती झाले की चाकरमान्यांच्या सोबतीने अनुपमाला आठ दिवस तुझ्याकडे पाठवते. तुला पांढऱ्या कपड्यात, डोक्यावर ती टोपी घातलेली बघेल तर पोरीला बरं वाटेल.

ताई


मुलुंड,
६ ऑगस्ट १९८४

ताई,

अनुपमाला यंदा पाठवू नकोस. माझ्या ड्युट्या फार आहेत, तिच्याकडे बघायला वेळ होणार नाही. क्वार्टर्समध्ये रंगकाम पण काढलंय. दिवाळीनंतर बघू.

भागी


कोंडवाडी,
२४ सप्टेंबर १९८४

भागी,

तू नको म्हणालीस तरी मी पोरीला पाठवली, कारण तुझं पत्र मला पटलं नाही. तू कधी एवढं छोटं पत्र लिहीत नाहीस.

ती काल परत आली. आल्यापासून नुसती भांडी घासतेय, घासलेलीच पुन्हा घासतेय. काल संध्याकाळी बोलली. म्हणाली, "आई, मी वॉर्डाच्या दारात उभी होते. मावशी निळ्या साडीत होती. हातात मुलांचं घाणीचं भांडं होतं. एक नर्स म्हणाली, आया, इकडे पुसून घे. मावशीने पुसून घेतलं. मग मला बघितलं."

तू तिला सांगितलंस, आज आया आलेली नाही म्हणून मी करतेय. भागी, ती बारावी शिकलेली आहे.

आता माझं ऐक. मी मोठी आहे, कुठल्याही कागदावर काहीही लिहिलेलं असो. ती निळी साडी त्यांच्या तोंडावर मार आणि निघून ये. पेज पिऊ. दोघी मिळून काजू फोडू. पण माझ्या बहिणीने, जिच्या हाताला पंचवीस वर्षं त्या घरात यश होतं, तिने तिथेच लाद्या पुसायच्या? माका ह्या सहन होणा नाय. ये तू.

ताई


मुलुंड,
७ ऑक्टोबर १९८४

ताई,

खोटं बोलले. तुला सांगायचं नव्हतं, पोरीला तर मुळीच नाही.

ऐक, सगळं सांगते. त्या गुरुवारी साहेबांनी माझं रजिस्ट्रेशन काढून घेतलं आणि कपाटात ठेवलं. मी म्हटलं, मी निघते. ते म्हणाले, "जायचं कशाला? तुमच्या हातासारखा हात या वॉर्डात दुसरा नाही. एवढ्याएवढ्याशा बाळाची शीर तुम्हाला सापडते, ती डॉक्टरांना सापडत नाही. असं माणूस आम्ही जाऊ देणार नाही." हे अगदी मनापासून म्हणाले गं, थट्टा नव्हती. आया म्हणून ठेवतो, म्हणाले. आणि एक कागद सहीला पुढे केला.

म्हणून मी आया आहे. शुभा इनचार्ज झाली. चांगली पोर आहे, मीच शिकवलेली. ती मला एकटी असताना सिस्टर म्हणते, चारचौघांत आया म्हणते. म्हणावंच लागतं. सुईला हात लावायची मला मनाई आहे. बाळाची शीर मिळाली नाही की शुभा पडदा ओढते, मी बाळाला धरते आणि हळूच बोट ठेवून दाखवते, इथे. ती टोचते. डॉक्टर तिला शाबास म्हणतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे, पण बाळ लवकर गप्प होतं, त्यामुळे मी बोट ठेवते.

अनुपमाची जागा रिकामी राहिली नाही. एका ट्रस्टींच्या ओळखीतली मुलगी आलीय. तिला बाळ कसं धरायचं ते माझ्याकडूनच शिकायला सांगितलंय. वाईट नाही बिचारी. बाळ रडलं की मागे सरते. मी शिकवते. शिकवताना दर वेळी मला वाटतं ही अनुपमा असती, आणि मग मी जरा जास्तच नीट शिकवते. वेड लागलंय मला.

तू म्हणतेस, ये. तुझ्या पेजेला मी नाही म्हणेन का? इथे एक दिवस राहावंसं वाटत नाही. पण त्या कागदावर लिहिलंय की मी नोकरी सोडली तर सगळी कागदपत्रं पोलिसांकडे जातील. माझ्या एकटीचं असतं तर मी कधीच पायऱ्या उतरले असते, दिली असती तुरुंगात वर्षं. पण त्या कपाटात तुझा स्टॅम्पपेपर आहे, ताई. कोर्टात खोटी शपथ, खाली तुझी सही, तुझा अंगठा. मी बाहेर पडले की तो बाहेर पडणार. अनुपमाला बाप नाही, आईही तुरुंगात गेलेली चालायची नाही. म्हणून मी येत नाही. याच्यावर आता वाद घालू नकोस, आणि इथे यायचंही नाही. तुला समोर बघितलं तर माझा निश्चय टिकणार नाही.

राग मला साहेबांचा नाही येत, माझा येतो. पंचवीस वर्षं मी ह्यांना माझी माणसं म्हणत होते. कुवेतला जाणाऱ्या पोरींना मी नावं ठेवायची, पैशाच्या लोभी म्हणायची. त्यांच्यातल्या एकीचं पत्र येतं अन्नम्मा सिस्टरना. घर बांधलंन म्हणे.

गेल्या सोमवारी ऑफिसात बोलावलं होतं. वाटलं, काही कमी-जास्त करतायत. नवी फाइल उघडली होती, भागीरथी लवू घाडी या नावाची. साहेब म्हणाले, आता सगळं खरं ते लिहू. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती मिळते इथे. तुझ्या वयाने मला तेरा वर्षं उरली होती, तीही मी मनात मोजून ठेवली होती. साहेबांनी माझी खरी जन्मतारीख घातली. म्हणजे आता सोळा वर्षं. खरं बोलले, ताई, त्याचं एवढंच पदरात पडलं.

भागी